कमलच्या हातातली मशीन, माझ्या डोळ्यातले टाके

अन्वी आणि निहार,

डॉक्टरांनी मला रोज अर्धा तास लिहायची परवानगी दिली आहे. म्हणून हे तुकड्या-तुकड्यांनी लिहिते आहे. कुठे तुकडा छोटा राहिला तर समजा, त्या दिवशी डोळ्याला पाणी आलं.

तुमच्यासाठीच लिहिते आहे, पण डोळ्याला मार लागून दवाखान्यात पडलेल्या दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं तरी चालेल. ज्यांच्या घरात गवत कापायची पेट्रोलची मशीन आहे, त्यांच्या हाती पडलं तर फारच बरं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, हे मला कळतं. पण बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवल्यामुळे माझं इंग्रजी शाळा तपासणीच्या अहवालासारखं होतं. त्यात खरं बोलणं जमत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवायचा मोह होणार नाही. मशीनचं गार्ड मी काढलं होतं. कमलने नाही. घरात एकवीस दिवस सगळे समजत होते की कमलने काढलं, आणि मी त्यांना तसं समजू दिलं.

मशीन

उमरीजवळच्या आपल्या शेतात सीताफळाची बाग आहे, हे तुम्हाला माहीत आहे. झाडांच्या ओळींमध्ये गाजरगवत आणि कुंदा इतका माजायचा की खुरपायला बायका मिळेनात. मग लातूरच्या कृषी प्रदर्शनातून आम्ही ब्रश कटर आणला. गावात त्याला नुसतं 'कटर' म्हणतात, आम्ही घरात 'मशीन' म्हणतो. लांब दांडी, टोकाला फिरणारं पातं, मागे छोटं इंजिन, आणि सगळं खांद्यावरच्या पट्ट्याला अडकवलेलं.

ती चालवायची मी ठरवलं. आजोबांची जुनी पँट, गमबूट, कानाला ठोकळे, डोळ्याला प्लास्टिकचा मोठा गॉगल. पहिल्या दिवशी बांधावर माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, "बाई, आता गवताचा पेपर तपासणार का?" मला राग आला नाही. उलट अंगावर मूठभर मांस चढलं.

मशीनची पुस्तिका मी पेन्सिल घेऊन दोनदा वाचली. त्यातून चौदा नियम काढले, स्वच्छ अक्षरात इंग्रजीत लिहिले, प्लास्टिक चढवून गोठ्याच्या दारावर लावले. पेट्रोलमध्ये तेल पुस्तिकेत दिलेल्या मापानेच मिसळायचं, अंदाजाने नाही. इंजिन थंड झाल्याशिवाय टाकी उघडायची नाही. जिथे पेट्रोल भरलं तिथेच मशीन सुरू करायची नाही, चार पावलं लांब जायचं. कापायच्या आधी ओळीतून चालून दगड, तारा, काड्या वेचायच्या. पंधरा मीटरच्या आत माणूस किंवा जनावर आलं तर थांबायचं. पात्यात गवत अडकलं तर आधी मशीन बंद, मग पातं थांबेपर्यंत थांबायचं, मग प्लगची टोपी काढायची आणि तेव्हाच हात लावायचा. सातवा नियम होता, गार्डशिवाय मशीन चालवायची नाही. पात्याच्या मागे जी वाकडी ढाल असते ती गार्ड. उडालेला खडा ती अडवते.

नियम सुंदर दिसत होते. ते वाचू शकणारी घरात दोनच माणसं होती, मी आणि आजोबा. आणि आजोबांनी मशीनला कधी हात लावला नव्हता.

कमल

कमल म्हणजे तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाची, दत्ताची बायको. माझी जाऊ. माहेर देगलूरकडचं, तेलुगू बोलते, कानडी समजते, शाळा सातवीपर्यंत. तुम्ही तिला कमलआजी म्हणता. मी सिकंदराबादला इंग्रजी शाळेत शिकले. माझे वडील रेल्वेत होते. या घरात मी आधी आले आणि सगळ्या बाबतीत पुढे राहिले. कमल मला आक्का म्हणते. पुढे राहायची मला इतकी सवय झाली होती की ती सवय आहे हेही विसरले होते.

मागच्या पावसाळ्यात एक दिवस मशीन धापा टाकायला लागली. सुरू व्हायची, जरा जोर दिला की बंद. मी पुस्तिकेचं शेवटचं पान काढून बसले. प्लग काढला, घासला, परत लावला. काही उपयोग नाही. गोठ्यातून कमलचा आवाज आला, "आक्का, तिला दम लागलाय. नाक चोंदलं आसंल."

"तू शेण काढ," मी म्हणाले.

ती हसली आणि शेण काढायला लागली. मी थोड्या वेळाने, ती पाहत नाही असं बघून, हवेच्या चाळणीचं झाकण उघडलं. आतला स्पंज धुळीने काळा झाला होता. साबणाच्या पाण्यात धुतला, वाळवला, बसवला. एका ओढीत मशीन सुरू झाली.

मी तिला सांगितलं नाही. पण मशीनचा आवाज सगळ्या शेतात ऐकू जातो. तिला कळलंच असणार.

त्या दिवसापासून मला तिच्या कानांचा हेवा वाटायला लागला. अडुसष्टाव्या वर्षी जावेच्या कानांचा हेवा. लिहितानाही लाज वाटते, पण आहे ते आहे.

खंडेनवमी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे अवजारांची पूजा होते. नांगर, विळे, खुरपी, फवारणीचा पंप, आणि आता ही मशीन. कमल सगळी अवजारं धूत होती. मशीनचं गार्ड आतून चिखलाने भरलं होतं आणि त्याच्याआड पात्यावर नीट स्वस्तिक काढता येईना. मी पाना घेऊन गार्डचे बोल्ट सोडवले, ते धुतलं आणि गोठ्याच्या भिंतीवर उन्हात वाळत ठेवलं. पात्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पाटावर ठेवलेली ती मशीन एखाद्या नव्या नवरीसारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी कमल आपट्याची पानं द्यायला आली, वाकून नमस्कार केला. आजोबा तिला म्हणाले, "कमल, आक्काचा खांदा दुखतोय. उद्या तू बघ मशीन चालवून. तुला जमेल."

कमलचं तोंड कसं फुललं ते मी पाहिलं. "मला? खरंच, दादा?"

मी म्हणाले, "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेता मी शेतात गेले. मला कापायची राहिलेली ओळ कमल यायच्या आत संपवायची होती. एवढंच कारण. माळ काढली, पट्टा चढवला, दोरी ओढली. गार्ड भिंतीवर वाळतच होतं. चालत जाऊन दगड वेचायला तर वेळच नव्हता. अर्ध्या ओळीत गॉगलवर वाफ धरली म्हणून तो मी कपाळावर सरकवला.

मग टक्क असा एक आवाज. दुखलं असं म्हणता येणार नाही. कोणीतरी उजव्या डोळ्यावर टिचकी मारल्यासारखं झालं, आणि त्या बाजूचं सगळं शेत दुधात बुडालं.

बैलाचा इलाज

मी खाली बसले. मशीन बाजूला गुरगुरत होती. कमल न्याहारी घेऊन येतच होती, आणि तिच्या मागे दत्ता. तिने डबा टाकला, धावत येऊन आधी मशीनचं बटण बंद केलं, मग माझ्याकडे वळली.

दत्ता बाटली उघडत होता. "धुवा, धुवा, पाणी मारा डोळ्यावर!"

"पाणी नका घालू!" कमल ओरडली. "दाबू बी नका! आपल्या सर्ज्याच्या डोळ्यात काटा घुसला तवा जनावराच्या डॉक्टरनं काय म्हणलं व्हतं? निस्तं झाका!"

"अगं, वैनी काय बैल हाय का?"

"डोळा डोळाच अस्तो!"

तिने चहाचा कागदी कप माझ्या डोळ्यावर पालथा धरला, डोळ्याला कुठेही न लागता, आणि स्वतःच्या डोक्याच्या रुमालाने माझ्या डोक्याभोवती सैल बांधला. "आक्का, चोळायचं न्हाई हं. खायचं-प्यायचं बी न्हाई. आपरेशन करावं लागलं तर?"

नंतर नांदेडच्या डॉक्टर म्हणाल्या, "कोणी बांधलं हे? अगदी बरोबर केलं. पाणी मारलं असतं किंवा दाबलं असतं तर आतलं बाहेर आलं असतं." म्हणून तुम्हीही लक्षात ठेवा. डोळ्यात धूळ गेली तर डोळा धुवायचा. पण खडा, काच किंवा पत्रा जोरात लागून डोळा चिरल्यासारखा वाटला तर धुवायचं नाही, दाबायचं नाही, रुतलेलं काही काढायचं नाही, कसलेही थेंब घालायचे नाहीत. कडक काहीतरी वरून झाकायचं आणि दवाखाना गाठायचा.

माझा डोळा वाचला तो बैलाच्या इलाजाने, आणि कमलमुळे. तेव्हा मला कृतज्ञता वाटायला हवी होती.

गाडीत

उमरीहून नांदेडपर्यंत दत्ता बोलत होता. घाबरला की तो बोलतो. वाटेत त्याने विचारलं, "मशीनला गार्ड नव्हतं. कुठं गेलं गार्ड?"

मग तो कमलकडे वळला.

"कमल, पूजेला मशीन तूच धुतली ना?"

"हाव. धुतली म्या."

"मग काढलं आसशील अन् लावायचं राह्यलं. अडाण्यासारखं करतीस. बघ, काय झालं वैनीचं!"

कमल खिडकीबाहेर बघत राहिली. मी कप धरून बसले होते. खरं सांगायचं तर तेव्हा मला बोलवत नव्हतं. पण दवाखान्याच्या दारात बोलवत होतं. खाटेवर झोपवलं तेव्हाही बोलवत होतं. मी डॉक्टरांना माझं नाव, वय, रक्तदाबाची गोळी, सगळं नीट क्रमाने सांगितलं. ते एक वाक्य तेवढं राहिलं.

निदान

डॉक्टर बाई तरुण होत्या, माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलींएवढ्या. दिव्यातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बुबुळाला चीर गेलीय. मागचं भिंगही दुखावलंय. आज टाके घालू. भिंगाचं पुढे दोन-तीन महिन्यांनी बघू."

"किती दिसेल?"

"आज नाही सांगता येणार. आधी डोळा वाचवायचा, नजर नंतर."

"अंदाजे किती टक्के?"

त्या हसल्या. "बाई, ही परीक्षा नाहीये."

मला खूप भीती वाटली. मरणाची नाही. एका डोळ्याचं माणूस म्हणून कोणीतरी हात धरून रस्ता ओलांडून देईल, त्याची. आणि त्याहून जास्त, मशीन आता कमलची होईल, त्याची. ऑपरेशनच्या टेबलावर माझ्या मनात हा विचार होता. देवाचं नाव आलं नाही, तुमची नावंही आली नाहीत. माफ करा.

वॉर्ड

वॉर्डात घड्याळ थेंबांवर चालतं. पहिले काही दिवस तासातासाला एक औषध, दिवसातून चारदा दुसरं, दोनदा तिसरं. वाकायचं नाही, खोकायचं नाही, रडायचं नाही. रडायचं नाही हे कसं पाळायचं ते कोणी सांगत नाही.

आजोबांना रक्तदाब, म्हणून सोबतीला कमल राहिली. खाटेखाली चटई टाकून. बाटल्यांवरची नावं इंग्रजीत आणि अक्षरं मुंगीएवढी. मी एका डोळ्याने वाचून सांगू म्हटलं तर नर्स ओरडली, "आजी, पडून राहा!" कमलने पिशवीतून रंगीत दोऱ्यांची रिळं काढली आणि बाटल्यांच्या गळ्यात दोरे बांधले. लाल म्हणजे तासाला, पिवळा म्हणजे चारदा, पांढरा म्हणजे दोनदा. एकही थेंब चुकला नाही. चौथ्या दिवशी वॉर्डातल्या सगळ्या बाटल्यांना दोरे होते आणि नर्स विचारत होती, "कमलताई कुठायत?"

माझ्याजवळ कोणी आलं तर विचारायचं, "तुमची जाऊ का ती? लई हुशार आहे हो."

"हो," मी म्हणायचे. "फार."

शेजारच्या खाटेवर हदगावच्या शेवंताबाई होत्या. कापूस वेचताना पऱ्हाटीचं टोक डोळ्यात गेलेलं. आमची गट्टी जमली. दोघी मिळून दवाखान्याच्या वरणाला नावं ठेवायचो. एक दिवस त्यांची पट्टी सोडली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, त्यांनी बरोबर मोजली. मग भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं, नातीच्या कानातलं दिसलं. त्या खुदकन हसल्या आणि नियम मोडून रडल्याही. लेकाने पेढे आणले. मला दिलेला पेढा मी हातातच धरून बसले. क्षणभर मनात आलं, हिलाही थोडं कमी दिसलं असतं तर सोबत झाली असती.

हे मी इथे मुद्दाम लिहिते. आजारी माणसाच्या मनात असलं येतं. आलं म्हणून घाबरू नका. पण त्याला खायला घालून मोठंही करू नका. मी घातलं.

खिडकी

घरी आल्यावर मला पुढच्या खोलीत ठेवलं. खिडकीतून बाग दिसते. वाकायला, उचलायला, चुलीच्या धुरात जायला बंदी. चौथ्या दिवशी सकाळी बागेतून मशीनचा आवाज आला.

मी खिडकीत जाऊन बसले आणि कमलच्या चुकीची वाट बघू लागले.

ती आधी ओळीतून चालत गेली, दगड वेचले. गार्ड पाहिलं, बोल्ट हाताने हलवून पाहिले. पट्टा बांधला, गॉगल लावला. पातं उजवीकडून डावीकडे, विळ्यासारखं, एका लयीत. मी दोन वर्षं चालवूनही माझ्या हाताला तशी लय आली नव्हती. मध्ये शेळी आली तर थांबली. गॉगलवर वाफ धरली तेव्हा मशीन बंद करून गॉगल पदराने पुसला आणि परत डोळ्यावर लावला. पेट्रोल संपलं तेव्हा मशीन सावलीत ठेवून चहा पीत बसली, इंजिन थंड होईपर्यंत. मग नरसाळ्याने भरलं, सांडलेलं पुसलं, चार पावलं लांब गेली आणि दोरी ओढली.

"हे तिला कोणी शिकवलं?" मी आजोबांना विचारलं.

"तूच," ते म्हणाले. "तुझे नियम रोज सकाळी मी तिला मराठीत वाचून दाखवतो. चौदाच्या चौदा पाठ झालेत तिला. म्हण म्हटलं की म्हणते."

त्याच आठवड्यात तुमचा व्हिडिओ कॉल आला. माझी चौकशी झाली, डोळ्यावरची जाळीदार टोपी बघून अन्वी म्हणाली, "आजी, तू पायरेट दिसतेस." मग निहारने विचारलं, "कमलआजी मशीन चालवते ना? बघू ना!" आजोबा फोन घेऊन बागेत गेले. मी खाटेवर बसून तुमचा आवाज लांबून ऐकत होते. तुम्ही टाळ्या वाजवत होतात.

तुमची काही चूक नाही. मी फक्त सांगते आहे.

एकविसावा दिवस

शेजारच्या मळ्यातल्या दोघी अंगणात आल्या होत्या. त्यांना कमलने त्यांच्याकडचं गवत कापून द्यावं असं वाटत होतं. दत्ता ओसरीवर बसला होता.

"कशाला नेता हिला? हिनंच गार्ड काढून ठेवलं अन् आमच्या वैनीचा डोळा घालवला. आजपासून मशीनला हात लावायचा न्हाई, सांगून ठेवतो."

कमलने पट्टा खांद्यावरून उतरवला, मशीन गोठ्यात ठेवली आणि खुरपं घेऊन बागेत गेली. त्या बायका निघून गेल्या.

त्या दिवशी बाग शांत होती. आणि मला, तुमच्या आजीला, दुपारी फार छान झोप लागली.

उठल्यावर खिडकीतून पाहिलं. कमल झाडाखाली वाकून खुरपत होती. एक हात कमरेवर. तिने मान वर केली आणि माझ्या खिडकीकडे पाहिलं. रागाने नाही. काम करता करता माणूस घड्याळाकडे बघतो तसं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हिला माहीत आहे. पहिल्यापासून.

मी चपला घालून बाहेर गेले. दत्ता अजून ओसरीवरच होता. आजोबा वर्तमानपत्र वाचत होते.

"दत्ता, गार्ड मी काढलं होतं."

"काय, वैनी?"

"मी काढलं, मी धुतलं, भिंतीवर मी ठेवलं. आणि लावायला मी विसरले. कमलच्या आधी ओळ संपवायची होती म्हणून. गॉगलही मीच वर केला होता."

आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

दत्ताने बागेकडे पाहिलं. "मग हिनं सांगितलं का न्हाई?"

कमल तोवर खुरपं हातात घेऊन आली होती. मी तिला विचारलं, "तू पाहिलं होतंस ना मला गार्ड काढताना?"

"हाव. पाना तर म्याच दिला व्हता तुम्हाला."

मी ते विसरून गेले होते.

"मग बोलली का नाहीस?"

"डॉक्टरीणबाई म्हणल्या व्हत्या ना, आक्काला ताण द्यायचा न्हाई." ती दत्ताकडे वळली. "अन् तुम्ही! जनावराच्या डॉक्टरवर इश्वास हाय, बायकूवर न्हाई. धरा कान."

"आता सगळ्यांसमोर काय..."

"गाडीत, दवाखान्यात, त्या दोघींसमोर बोलत व्हता तवा समदे न्हवते का? धरा."

दत्ताने एक कान धरला. कमल म्हणाली, "दुसरा बी."

मग माझ्याकडे बघून, तितक्याच शांतपणे, "अन् आक्का, तुम्ही त्या दोघींच्या घरी जाऊन सांगायचं. मला सांगून काय उपेग? मला ठावंच हाय."

मी गेले. डोळ्याला टोपी लावून, दत्ताला सोबत घेऊन, दोन्ही घरी. बत्तीस वर्षांत पोरांना चूक कबूल करायला लावली, पण ते वाक्य तोंडातून काढायला किती जड असतं ते तेव्हा कळलं. एका घरी चहा मिळाला. दुसऱ्या घरी नुसतं "बरं" म्हणाल्या.

नजर

तीन महिन्यांनी दुसरं ऑपरेशन झालं, भिंगाचं. पट्टी सोडली त्या दिवशी मला खिडकीचा चौकोन दिसला. डॉक्टरांची बोटं दिसली नाहीत, हात हललेला दिसला. त्या म्हणाल्या, "टाक्यांचा वण बुबुळाच्या मधोमध आहे. या डोळ्याने वाचता येणार नाही. उजेड, मोठे आकार, हालचाल एवढं राहील. डावा डोळा उत्तम आहे, त्याला जपा."

"मशीन?"

"नाही. अंतराचा अंदाज चुकेल. जिना उतरताना, चहा ओतताना जपून. मशीन तर नाहीच."

मी "ठीक आहे" म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. गाडीत बसल्यावर मात्र रडले. कमलने पाठीवर हात ठेवला. मला तो हात नको होता आणि काढूनही टाकवत नव्हता.

पहिले दोन महिने मी चहा कपाबाहेर ओतायचे. आता कपाच्या काठाला किटलीचं तोंड टेकवून ओतते. जिन्यावर पाय आधी चाचपते. कोणाला असा डोळा झाला असेल तर या दोन युक्त्या उपयोगाच्या आहेत. दवाखान्यात कोणी सांगत नाही.

आता

आता कमल मशीन घेऊन आसपासच्या मळ्यांत जाते. नियमांचा कागद मी मराठीत नव्याने लिहिला आणि गोठ्याच्या दारावर लावला. तिने वाचला आणि म्हणाली, "आक्का, पंधरावा लिहा. स्पंज दर आठवड्याला धुवायचा." मी लिहिला.

बरी झाले म्हणजे मन स्वच्छ झालं, असं तुम्हाला सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं नाही. सकाळी तिने एका ओढीत मशीन सुरू केली की मला अजून तिचा हेवा वाटतो. फरक एवढाच की आता मी खिडकीपाशी बसत नाही, बागेत जाते. मला एक काम मिळालं आहे. ती मशीन घेऊन यायच्या आधी टोपली घेऊन ओळीतून चालायचं आणि दगड वेचायचे. तिने दिलेलं काम नाही. मी मागून घेतलं.

काल सकाळी मी एक ओळ वेचली, टोपली भरली, आणि ती घेऊन पंधरा मीटर मोजून लांब बांधावर उभी राहिले. कमल कापत कापत पुढे गेली. ओळीच्या मध्यावर ती एकाएकी थांबली. मशीन बंद केली. पातं फिरायचं थांबेपर्यंत उभी राहिली. मग वाकून गवतातून एक दगड उचलला. पांढरी गारगोटी, मुठीएवढी, ओळीच्या उजव्या अंगाला. माझ्या उजव्या डोळ्याच्या बाजूची. मी त्या गारगोटीच्या अगदी शेजारून गेले होते.

ती चालत माझ्यापर्यंत आली, दगड टोपलीत ठेवला आणि परत गेली.

एखादा शब्द बोलली असती, तर मला फार बरं वाटलं असतं.